अर्धी माशी

बालय्याच्या हातून आयुष्यात वाकडी रेघ आली नाही, आणि पुढं जे झालं ते त्या सरळ रेघेपायीच झालं.

सोलापूरच्या पूर्वेला साळ्यांच्या वस्तीत दिवस उजाडायच्या आत मागांचा खडखडाट सुरू व्हायचा. त्या खडखडाटात एका कोनाड्याशेजारी, चौकटीचा कागद मांडीवर घेऊन बालय्या लुगड्यांच्या काठांची नक्षी काढत बसलेला असे. माणूस अंगानं काडी, पण डोक्यावरची टोपी अशी की ओळंबा लावून घ्यावा. ताटात भाकरी आली की तिचे दोन सारखे अर्धे झाल्याशिवाय घास तोंडात जात नसे. दारातला मुग्गू गौरम्मानं घाईत काढला, एखादी पाकळी फुगली, की हा बाहेर जाताना चपलेच्या टोकानं ती पुसून टाकी आणि बोटानं नीट करी. मुग्गू म्हणजे आपली रांगोळीच. गौरम्मा शेजारणींना सांगे, "आमच्या ह्यांना देवानंसुद्धा चौकटीच्या कागदावर काढलंय. मधे रेघ मारून."

ती मधली रेघ हाच बालय्याचा धंदा होता. काठावरची कुयरी, मोर, रुईफूल काहीही असो, नक्षीवाला ते पुरं काढत नाही. मधून उभी रेघ मारायची, डावीकडचा अर्धा भाग भरायचा आणि खाली खूण करायची, की उरलेला अर्धा मागावर उलटून घ्या. पुरा मोर काढणारा तो नवशिका. "दोन्ही डोळे काढत बसलास तर लुगडं कधी विणायचं रे? नवरी म्हातारी होईल की!" असं बालय्याच्या बापानं त्याला पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. धपाट्यानं शिकलेलं माणूस विसरत नाही, आणि तपासूनही बघत नाही.

तर असा हा बालय्या माशीसाहेबांच्या नजरेस पडला.

माशीसाहेब म्हणजे गंगाधरपंत. सरकारी नोकरीतून पेन्शनीत निघाले होते आणि स्टेशनकडच्या एका बंगलीत राहून माश्यांची गोत्रं लावत होते. घरातल्या माशीची नव्हे. ज्वारीच्या कोवळ्या पानाखाली अंडी घालणारी ती बारकी, करड्या पाठीची, पिवळ्या पोटाची माशी. गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान. तिची अळी पोंगा, म्हणजे रोपाची मधली कोवळी सुरळी, आतून कुरतडते, पोंगा वाळतो, आणि ज्वारीचं ताट उभं असून मेलेलं असतं. पंतांचं म्हणणं असं, की ही एक माशी नव्हे, हे सबंध भावकीचं गाठोडं आहे. सिलोनात एक भाऊ, ब्रह्मदेशात दुसरा, जावा बेटावर तिसरा, आणि आपल्याकडं किती ते कुणी मोजलेलंच नाही. साऱ्या एशियातल्या या भावकीची वाटणी करून ठेवायची आणि मग डोळे मिटायचे, असा त्यांचा पण होता. टपालानं डबे येत. डब्यात कापूस, कापसात माश्या.

आता सख्खे भाऊ ओळखायचे कसे? माणसाचं गंध कपाळावर असतं, या माशीचं बुडाशी असतं. नराच्या शेपटाच्या टोकाला एक इवलंसं बोंड, त्याला दोन्ही अंगांना पाकळ्या. पाकळीचा घाट बदलला की जात बदलली. हे बोंड सूक्ष्मदर्शकाखाली घालून मोठ्ठं काढायला पंतांना हात हवा होता. मक्षिकेच्या जागी मक्षिका करणाऱ्या कारकुनाची आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या टिंगल चालत आली. पंत मात्र तसाच माणूस दिवा घेऊन शोधत होते. पत्नीसाठी लुगडं घ्यायला गेले, काठ पाहिला, आणि लुगडं तिथंच विसरून नक्षीवाल्याला घेऊन घरी आले.

त्यांना हात हवा होता याचं आणखी एक कारण होतं, ते बालय्याला लवकरच कळलं. पंत चिमटा घेऊन माशी उचलायला जात आणि चिमटा माशीच्या शेजारी टेकत असे. "कुठं गेली रे?" ते हसत म्हणत. बालय्या हळूच माशी चिमट्याखाली सरकवी. दोघंही त्याबद्दल बोलत नसत. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पडदा उतरतोय हे त्याच्या तोंडावर सांगणं बालय्याच्या रीतीत बसत नव्हतं.

माश्या पुरवायचा तो वळसंगचा जोतीराम. पंतांची त्याच्या बापाशी जुनी ओळख. मेलेल्या पोंग्यांचं कडवळ, म्हणजे ज्वारीची हिरवी ताटं, आणि बांधावरचं किडकं गवत पोत्यात भरून तो बाजारच्या दिवशी बंगलीवर आणून टाकी. कंदिलाच्या काचांना वरून फडकं बांधून त्यात ते पोंगे ठेवायचे, आणि आतून माश्या निघायची वाट बघायची. जोतीराम आणि बालय्या त्या काचांसमोर बसून पान खात आणि एकमेकांना टोमणे मारत.

"बालय्या, लेका, तुज्या बायकूला ठावं हाय का, तू दिसभर माशीचं बूड बघत बसतुस ते?"

"तिला सांगितलं. म्हणाली, माझ्याकडं बघण्यापेक्षा बरं, निदान भांडण नाही."

जोतीरामला मात्र पंतांकडून एकच उत्तर हवं होतं, आणि ते तो दर खेपेला विचारी. बांधावरच्या गवतातली माशी आणि ज्वारीतली माशी एकच, की वेगळी? एकच असली तर पेरणीआधी सगळे बांध कापून, जाळून काढायला हवेत. मग हिवाळाभर जनावरांना घालायचं काय? वेगळी असली तर गवत राखता येईल. "माजी बैलं तुमच्या माशीच्या शेपटाकडं बघून बसल्याती, सायेब," तो म्हणे.

बालय्यानं बोंडांची चित्रं काढली. गवतातल्या माश्या पुठ्ठ्यावर पालथ्या चिकटवलेल्या होत्या, कडवळातल्या उताण्या. डबे तसे भरले गेले होते, एवढंच. त्याचा विचार कुणी केला नव्हता. बालय्यानं मधे रेघ मारली, डावी पाकळी बघून बघून भरली, आणि उजवी उलटून घेतली. दोन्ही खेपांना. चित्रं अशी उतरली की पंतांनी ती हात लांब करून उन्हात धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाहीत. गवतातल्या माशीच्या दोन्ही पाकळ्या टोकदार. कडवळातलीच्या दोन्ही गोल. भाऊ वेगळे निघाले होते.

"बालय्या," पंत म्हणाले, "ही गवतातली माशी शास्त्राला नवी आहे. हिला मी तुझं नाव देणार."

आणि दिलं. लॅटिनची झूल घातलेलं, पण आत बालय्याच. साळ्यांच्या वस्तीत त्या दिवशी माग थांबले. कुणी म्हणालं, आपल्या जातीत लुगड्याला नाव मिळालं, गल्लीला मिळालं, पण जिवाला नाव मिळालेलं पहिलंच. गौरम्मानं गोडाचं केलं आणि नवऱ्याला म्हणाली, "एमंडी, अहो, आता घरात माशी आली तर हाकलू का पाट देऊ?" बालय्या हसला. त्या हसण्यातसुद्धा ओठांची दोन्ही टोकं सारखी वर गेली.

पंतांनी मोठा लेख विलायतेला धाडला आणि शेतकऱ्यांसाठी मराठीत पत्रक छापलं: बांधावरच्या गवतातली माशी निराळी, पिकाला निर्धोक, गवत खुशाल राखावे. वळसंगच्या चावडीत ते मोठ्यानं वाचलं गेलं.

त्या साली पावसानं आधी हात दिला, उत्तरा नक्षत्रावर वाफसा आला आणि वळसंगच्या काळ्या रानात ज्वारी पेरली गेली. ज्वारी उगवून बोटभर झाली असेल नसेल, तेव्हा पंतांनी बालय्याला परत बोलावलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर जिवंत माशी हवी होती, रंगीत, बसलेली. "तुझीच माशी काढ," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीत आडवे झाले.

गवताच्या काचेत एक नर आतून काचेला चिकटून बसला होता. बालय्यानं भिंग लावलं. काचेतून माशीचं पोट दिसत होतं, आणि शेपटाशी ते बोंड. बालय्याचा हात सवयीनं मधली रेघ मारायला गेला आणि तिथंच थांबला. डावी पाकळी गोल होती. उजवी टोकदार.

त्याला वाटलं, माशी लंगडी आहे. त्यानं काच हळूच फिरवली, पलीकडच्या अंगानं आरपार पाहिलं. आता पाठ दिसली. डावी पाकळी टोकदार, उजवी गोल. त्यानं दुसरी काच घेतली, कडवळाची. तिथल्या नराचं पोट पाहिलं, पाठ पाहिली. डावं गोल, उजवं टोकदार. डावं टोकदार, उजवं गोल. कापडाची सुलट बाजू आणि उलट बाजू जन्मभर पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. माशी एकच होती. तिच्या दोन पाकळ्या दोन तऱ्हेच्या होत्या, देवानं पुरी काढली होती, मधे रेघ न मारता. एकदा पाठीकडून, एकदा पोटाकडून, अशा तिच्या दोन अर्ध्या काढून बालय्यानं तिच्या दोन जाती केल्या होत्या.

खोलीत काचांमधून बारीक गुणगुण येत होती. इतके दिवस ती त्याला ऐकूच आली नव्हती. आणि तिकडं वळसंगला सगळे बांध हिरवेगार उभे होते.

त्यानं काचेतला एक नर बाटलीतल्या औषधानं निजवला, सुईच्या टोकावर घेतला आणि हाक मारली. "साहेब, एकदा बघा. मी चुकलो."

गंगाधरपंत चाचपडत टेबलाशी आले. बालय्या काय सांगतोय ते त्यांनी उभ्यानं ऐकलं, मान हलवली, खुर्ची ओढली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. स्क्रू फिरवला. परत फिरवला. बराच वेळ पाहिलं.

"स्पष्ट दिसतंय," ते म्हणाले. "दोन्ही पाकळ्या टोकदार. अगदी तुझ्या चित्रासारख्या. तू घाबरलास, बालय्या. नाव मिळालं की माणसाला असं होतं."

बालय्याच्या हातातली सुई तशीच होती. माशी सुईवरच होती. सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी अजून रिकामीच होती.

त्यानं सुई अलगद कापसात खोचली, पंतांच्या पायांना हात लावला आणि बाहेर आला. घामानं टोपी एका कानावर कलली होती, आणि ती सरळ करायचं त्याला सुचलं नाही.

गौरम्मानं दारातच ओळखलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "न सांगितलं तर?"

"तर माझं नाव राहील."

"आणि सांगितलं तर?"

"तर जोतीरामचं पीक राहील. राहिलं तर."

गौरम्मानं त्याच्या फडक्यात भाकरी बांधली. "मग इथं काय बसलायत?" ती म्हणाली. "मोटार सुटेल की."

अक्कलकोटच्या मोटारीनं बालय्या वळसंगला उतरला तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत दुतर्फा ज्वारीच्या कोवळ्या ओळी दिसत होत्या. बालय्याला एरवी इतक्या सरळ ओळी पाहून बरं वाटलं असतं. प्रत्येक बांधावर गुडघाभर गवत वाऱ्यानं हलत होतं, एकही विळा न लागलेलं.

जोतीराम रानातच होता. लांबूनच ओरडला, "आलं, आलं! माशीचं मालक आलं! ये की गड्या. बघ, तुज्या माशीची कशी बडदास्त ठिवलिया!"

"गवत कापलं नाहीस?"

"कापतुय कशाला? छापून आलंय न्हवं? आन्‌ तुज्या नावाची माशी हाय ती. पाटलाच्या नावाची हाय का माशी? मामलेदाराच्या? ह्यो कोंडीबा शेजारी, विळा घिऊन बांधावर चढला हुता. म्हनलं, खबरदार! माज्या दोस्ताच्या माशीच्या अंगाला हात लावायचा न्हाय. समद्या गावाला सांगितलंय म्या. येक बांध कापू दिला न्हाय."

बालय्या सरळ ओळीत शिरला, खाली बसला. ताटं हिरवी होती, पण मधला पोंगा पिवळट पडलेला. त्यानं दोन बोटांत धरून ओढला. पोंगा जरासुद्धा न अडता वर आला, म्यानातून सुरी यावी तसा, आणि बुडाला कुजका वास. शेजारचा ओढला. तोही आला. पुढचा आला नाही. पण त्याच्या पानाखाली पांढरं, बारीक, लांबट अंडं चिकटलेलं होतं, आणि पानावर एक करडी माशी पाय चोळत बसली होती. बांधाकडून वाऱ्याबरोबर आणखी येत होत्या.

जोतीरामचं हसू गेलं. तो वास त्याला ओळखीचा होता.

"ह्ये कसं? ज्वारीची माशी आली कुटनं?"

"बांधावरनं. जोतीराम, माझी माशी नाहीच. दोन नाहीत, एकच आहे. मी अर्धी अर्धी काढली."

"म्हंजे?"

"हात पालथा धर. हा डावा. अंगठा कुठं आला?"

"हिकडं, उजवीकडं."

"आता उताणा कर."

जोतीरामनं हात उताणा केला. अंगठा डावीकडं गेला. त्यानं तो परत पालथा केला, परत उताणा केला. भेगाळलेला, मातीचा हात.

"हात तर येकच की रं," तो हळू म्हणाला.

"एकच."

"आन्‌ सायेब?"

"साहेबांना दिसत नाही, जोतीराम. कधीपासून दिसत नाही. मला माहीत होतं."

बांधापलीकडं कोंडीबा उभा होता; त्याच्या रानातली ज्वारी तर जोतीरामच्या ज्वारीहून जोमदार, आणि मधला बांध दोघांचा सामाईक, हिरवागार. जोतीरामनं त्या गवताकडं पाहिलं, मग पिकाकडं.

"आता गवत पेटवलं तर?" बालय्यानं विचारलं.

"खुळा हायेस का? गवत पेटलं तर समद्या माश्या हितंच शिरतील. आदी पीक जायला पायजे. अळीसकट. मंग गवत." त्यानं मूठभर माती उचलली, मुठीत दाबली, उघडून पाहिली. ढेकूळ मोडलं, पण अगदी भुगा झाला नाही. "वल हाय. अजून हाय. परत पेरता यील. पर आज कुळव घातला तरच. उद्या वल ऱ्हायाची न्हाय."

"माझ्या शब्दावर?"

"तुज्या शब्दावर गवत राखलं न्हवं? मंग तुज्याच शब्दावर पीक मोडतो." आणि मग, जरा थांबून, "लेका, माशी नसती तुज्या नावाची तर काय मी तुला जेवाय वाढलं नसतं का?"

बैलं जुंपली. कुळव कोवळ्या ओळींवर आणून ठेवला, पण जमीन जरा घट्ट होत चालली होती, पास, म्हणजे कुळवाचं लोखंडी पातं, वरवर सरकत होती, रोपं नुसती वाकून पुन्हा उभी राहत होती. जोतीरामनं इकडंतिकडं धोंडा शोधला. मिळाला नाही.

"बस वर," तो म्हणाला.

"मी?"

"वजन पायजे. तू काडी, पर हायेस न्हवं? बस."

साऱ्या जन्मात मागाच्या खड्ड्यापलीकडं कशावर न बसलेला बालय्या कुळवाच्या दांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. बैलं निघाली. पास जमिनीत शिरली, आणि त्याच्या पायाखालून ओळ उन्मळून मागं पडू लागली. तो मागं बघत नव्हता. त्याला नुसता आवाज येत होता, ओल्या मुळ्या तुटल्याचा.

पलीकडून कोंडीबा धावत बांधावर आला. "आरं ए जोतीराम! डोस्कं फिरलं का तुजं? उभं पीक मोडतुस? छापून आलंय की चावडीत!"

"त्यो माशीचा मालक हितं कुळवावर बसलाय, त्याला इचार!" जोतीरामनं न थांबता सांगितलं.

"काय हो, शेट?"

"खोटं छापलंय, कोंडीबा," बालय्या ओरडला. कुळवाच्या हादऱ्यांनी त्याचे शब्द तुटत होते. "चित्र माझंच होतं. तुमचा पोंगा ओढून बघा."

कोंडीबा म्हणाला, "साळ्यांनी आता शेती शिकवायची आमाला!" आणि खदखदून हसला. गावाच्या वाटेवर चारदोन माणसं थांबली होती, तीही हसली. त्यांच्या मागं त्यांची रानं होती, एकेक बांध गवतानं भरलेला, ओळींमागून ओळी.

जोतीराम वळणावर आला, बैलं फिरवली, दुसरी ओळ धरली. बालय्या कुळवाबरोबर हेलकावे खात होता. एका बाजूला कलायचा, सावरायचा, पुन्हा कलायचा. वाटेवरची माणसं हसत हसत निघून गेली.

कोंडीबा मात्र गेला नाही. जरा वेळानं तो आपल्या ओळीत वाकला, कुणी बघत नाही अशा बेतानं, आणि एक पोंगा धरून वर ओढला. नाकाशी नेला. मग दुसरा ओढला. मग तो पोंगा हातात धरून तसाच उभा राहिला आणि वर बघू लागला. आभाळात कुठंही ढग नव्हता.